मेस्त्रींची लाट

वसंत मेस्त्रींचा विषय निघाला की लोक मला विचारतात, "तुम्ही तर त्यांचे पट्टशिष्य ना?" मी हो म्हणतो. बारा वर्षं एका माणसाच्या दुकानात काढल्यावर दुसरं काय म्हणणार? पण खरं सांगायचं तर या माणसाने मला जे शिकवलं त्याच्यापेक्षा जे शिकवलं नाही त्याच्याच मागे माझी बारा वर्षं गेली, आणि त्यातली शेवटची दोन तर मी निव्वळ जळण्यात घालवली.

मुलुंड पश्चिमेला भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं पेटीचं दुकान होतं. पेटी म्हणजे हार्मोनियम. मुलुंड, भांडुप, विक्रोळी या पट्ट्यात कोकणातली माणसं भरपूर, आणि जिथे कोकणातली चार घरं तिथे एक भजनी मंडळ. त्यामुळे मेस्त्रींना बोर्ड लावायची गरज कधी पडली नाही. दहा बाय बाराची खोली, भिंतीला लावून उघड्या पडलेल्या पेट्या, लाकूड-कापड चिकटवायच्या सरसाचा वास आणि मधोमध एक बुटकं स्टूल. त्या स्टुलावर मेस्त्री. मूळचे मालवणकडचे, पिढीजात सुतार. उंची बेताची, कपाळ मोठं, अंगात गंजीफ्रॉक. शर्ट खुंटीला टांगलेला असायचा आणि गिऱ्हाईक मोठं असेल तरच अंगावर यायचा.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा तिशीचा होतो. त्याआधी आठ वर्षं विक्रोळीच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर काढली होती. ते बंद पडलं. वडील भजनात टाळ धरायचे, त्यांच्या ओळखीने मी मेस्त्रींपुढे उभा राहिलो. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, "बोटां धा आसत. उद्यापासून ये." एवढीच आमची मुलाखत.

पेटीचं काम बाहेरून दिसतं तेवढं सोपं नसतं. लाकूड, भाता, पट्ट्या हे सगळं करायला एक जन्म पुरेल. पण हे सगळं झाल्यावरही पेटी मुकीच असते. तिच्या पोटात पितळेच्या बारीक जिभा बसवलेल्या असतात, त्यांना आम्ही सूर म्हणतो. सूर टोकाला कानशीने घासला की चढतो, मुळाशी घासला की उतरतो. केसभर जास्त घासलं तर संपलं. मेस्त्री म्हणायचे, "लाकूड चुकला तर तुकडो लावता येता. पितळ परत येवचा नाय." या घासण्याला सूर लावणं म्हणतात, आणि पेटीवाला म्हणून जे काही नाव होतं ते इथे होतं.

आणि नेमकं हेच काम मेस्त्री कुणाला दाखवत नसत. भाता झाला, पट्ट्या बसल्या, सूर जोडून झाले की खांद्यावर टॉवेल टाकायचे आणि म्हणायचे, "पक्या, चाय घेवन ये." चहावाला आमच्या दुकानाला लागून होता. तो हाक मारली तरी आला असता. पण मी जायचो, आणि चहा घेऊन आलो की ते भिंतीकडे तोंड करून, टॉवेलखाली हात घालून बसलेले असायचे. मग मी मुकाट्याने पेला बाजूला ठेवायचो. पुढच्या चहाला पाठवेपर्यंत भात्याला कापड चिकटवत बसायचो. अशी दहा वर्षं मी चहा आणला.

त्यांच्या कंजूषपणाच्या गोष्टी धंद्यात सगळ्यांना माहीत होत्या. एकदा घाटकोपरचा एक पेटीवाला मुद्दाम गोड बोलत आला आणि सूर साफ करायला काय वापरता असं विचारू लागला. मेस्त्रींनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला आणि सांगितलं, "उंदराच्या शेपटेचे केस. पण पांढरो उंदीर व्हयो." तो बिचारा पांढऱ्या उंदराच्या शोधात कुठे कुठे फिरला म्हणे. मेस्त्री खरं म्हणजे साधा दाढीचा जुना ब्रश वापरायचे.

दुसऱ्या एका वेळी कुठल्याशा संस्थेची चार मुलं कॅमेरा घेऊन आली. जुने कारागीर आणि नवी पिढी असा काही त्यांचा उपक्रम होता. मेस्त्री त्यांच्यासाठी शर्ट घालून बसले, केसांना पाणी लावलं. मुलं म्हणाली, "आजोबा, सूर कसे लावतात ते दाखवा ना." मेस्त्रींनी अडीच तास त्यांना भात्याला कापड कसं चिकटवायचं ते दाखवलं. कोपऱ्याकोपऱ्याचं समजावून सांगितलं. मुलं खूष होऊन गेली. कॅमेरा गल्लीबाहेर गेल्यावर त्यांनी शर्ट खुंटीला लावला आणि मला म्हणाले, "चाय."

दुसऱ्याच्या पेटीची तारीफ त्यांना सहन होत नसे. डबलबारी म्हणजे दोन भजनीबुवांचा समोरासमोर सामना. ती ऐकायला ते आवर्जून जायचे, पण गाणाऱ्यासमोर त्यांची पेटी असेल तर पहिल्या रांगेत बसायचे आणि दुसऱ्या कुणाची असेल तर शेवटच्या. शेवटच्या रांगेतून मधूनच ऐकू येईल असं म्हणायचे, "बरो डबो आसा. बिस्किटां ऱ्हवतीत." मला हे आवडायचं. माणूस एवढा हेवेखोर आहे म्हणजे त्याच्याकडे हेवा करण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते आज ना उद्या मलाच मिळणार, असं माझं गणित होतं. मुलगा त्यांचा बँकेत, बोरिवलीला. सुनेला सरसाच्या वासाने डोकं दुखायचं. मग उरलं कोण? मीच.

आणि मग सुजाता आली.

विक्रोळीची मुलगी, तेवीस-चोवीस वर्षांची. तिचे वडील भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे. ते वारले आणि त्यांची पेटी घरात पडून फुटली होती, ती घेऊन ही रिक्षाने आली. पवईला एका लॅबच्या काउंटरवर सकाळची नोकरी करायची. मेस्त्रींनी पेटी उघडली, दोन सूर वाजवून बघितले. ती म्हणाली, "काका, हा दुसरा पहिल्यापेक्षा थोडा वर आहे ना? पप्पा म्हणायचे मेस्त्रींनी मुद्दाम ठेवलाय." मेस्त्रींचा हात तिथेच थांबला.  मग मला म्हणाले, "पक्या, चाय घेवन ये. तीन."

मी तीन चहा घेऊन आलो. मेस्त्री भिंतीकडे तोंड करून बसले नव्हते. टॉवेल खांद्यावरच होता. ती मुलगी समोर बसली होती आणि ते तिला कानस कशी धरायची ते दाखवत होते.

त्या दिवशी मला जे झालं त्याला दुसरा सभ्य शब्द नाही. मी जळलो. दहा वर्षं मी ज्या दाराशी बसलो होतो ते हिला आल्या दिवशी उघडलं. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुम्ही कधी मागितलंत का?" मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. गुरूकडे मागायचं असतं का? गुरूने ओळखायचं असतं, असं मी मानत होतो.

सुजाता रोज दुपारी चारला यायची. "बाय, हयसर बस," असं म्हणत मेस्त्री तिला स्टुलाजवळ बसवायचे. बाय! मी बारा वर्षं पक्याच राहिलो. ते तिच्यासाठी शेंगदाणे सोलून ठेवायचे. ती विचारायची, "काका, हे असंच का?" आणि ते उत्तर द्यायचे, आणि ते उत्तर खरं असायचं, त्यात पांढरा उंदीर नसायचा. मी भात्याला कापड लावता लावता कान टवकारायचो. त्यांचं बोलणं ऐकू यायचं, पण कामाचं काही हाती लागायचं नाही. तिला काही चुकलं की मला बरं वाटायचं, आणि ती फारशी चुकायची नाही. वर ती स्वभावाने चांगली होती, माझ्याशी "दादा, दादा" करून बोलायची. ती उद्धट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

मग मी एक केलं. मोबाइलवर सूर मोजायचं ॲप घेतलं. सूर वाजवला की पडद्यावर काटा फिरतो. मधोमध आला तर बरोबर, उजवीकडे गेला तर चढा, डावीकडे गेला तर उतरलेला. मेस्त्री नसताना मी दुरुस्तीला आलेल्या दुसऱ्या पेटीवाल्यांच्या पेट्या त्यावर तपासू लागलो. त्यांनी शिकवलं नाही तर नाही, मी यंत्राकडून शिकेन, असा माझा हट्ट होता.

पेट्यांत एका पट्टीला दोन सूर असतात, एकदम वाजणारे. एका दुपारी भांडुपच्या तावडेबुवांची पेटी भात्याला टाका घालण्यासाठी आली होती. मेस्त्री डोळ्याच्या तपासणीला गेले होते. मी भाता संपवला आणि ॲप काढलं. दर पट्टीचा पहिला सूर मधोमध. दुसरा थोडासा उजवीकडे. एक नाही, दोन नाही, वरच्या सप्तकांतले सगळेच्या सगळे. महिन्यापूर्वी ही पेटी सूर लावायला आली होती तेव्हा सुजाता स्टुलापाशी बसलेली मी पाहिली होती. म्हणजे हे तिचं काम. बायने सगळे सूर चढे ठेवले आणि म्हाताऱ्याच्या लक्षातही आलं नाही. मला इतका आनंद सुजाता आल्यापासून झाला नव्हता.

मी कानस घेतली. एकवीस सूर मुळाशी घासून काटा मधोमध आणला.  मेस्त्रींना सांगायचं वाक्यही तयार केलं होतं: "सुजाताचं थोडं चुकलं होतं, मी जुळवून घेतलं." पण मेस्त्री यायच्या आत तावडेबुवांचा माणूस आला आणि पेटी घेऊन गेला. मी म्हटलं, बुवांच्याच तोंडून ऐकू दे म्हाताऱ्याला.

ऐकलं. रविवारी कांजूरला डबलबारी होती. सोमवारी सकाळी बुवा स्वतः पेटी घेऊन आले. घसा बसला होता. मेस्त्री स्टुलावर, सुजाताला त्या दिवशी सुट्टी होती म्हणून तीही बसलेली. बुवा म्हणाले, "मेस्त्री, काय केलंत ओ? पेटी उठतच नाय. पखवाज वाजलो की बुडता. समोरच्यान माका खाऊन टाकल्यान. पेटी मेली माझी."

मेस्त्रींनी एक पट्टी दाबली. मग दुसरी. झाकण उघडून पितळेवर बोट फिरवलं. सुराच्या मुळाशी ताजे, चकचकीत चरे होते. त्यांनी मान वर केली नाही, माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "माझ्या हातान चूक झाली, बुवा. पेटी ठेवन जावा. शुक्रवारी घेवन जावा."

बुवा गेले. मी तिथेच उभा. सुजाता माझ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "दादा, ही पेटी मी नव्हती लावली. काकांनी लावलेली. मी नुसती बघत होते."

मी मेस्त्रींना म्हणालो, "मेस्त्री, ते मी..."

"ठाव आसा माका," ते म्हणाले आणि शर्ट घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या घरची पेटी आणली. तिच्यात जुने जर्मन सूर होते, आता कुठे मिळत नाहीत असले. त्यांच्या वडिलांनी बसवलेले. मेस्त्रींनी त्यातले वरचे एकवीस सूर एकेक करून काढले आणि तावडेबुवांच्या पेटीत बसवायला सुजाताच्या हातात दिले. मला वाटलं होतं शिव्या देतील, हाकलून देतील. मी तर ते व्हावं म्हणून वाट बघत होतो. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "पक्या, तिका भातो मारून दी." आणि डोळ्यांत औषध घालून बाहेर बाकावर जाऊन बसले.

त्या दिवशी पहिल्यांदा कुणी सूर लावत असताना मी समोर बसलो. मी भाता मारत होतो, सुजाता कानस फिरवत होती. ती म्हणाली, "काका दुसरा सूर केसभर चढा ठेवतात. मग दोन्ही एकदम वाजले की आवाजात लाट येते. हळू, पाण्यासारखी. त्या लाटेवरच पेटी पखवाजाच्या वर राहते. पप्पा मुद्दाम म्हणायचे ते हेच. मोबाइलवर मोजलं तर ती चूक वाटते." तिने एक पट्टी दाबून धरली. "आली बघा. ऐकू येतेय ना?"

मी ऐकलं. पेटी वाजत होती. छान वाजत होती.

"कुठे?" मी विचारलं.

ती हसली. "काय दादा, गंमत करताय. ही बघा... आता वर... आता खाली." तिने हात वरखाली करून दाखवलं. मग दुसरी पट्टी दाबली. मग चरे पडलेला जुना सूर लावून तीच पट्टी पुन्हा दाबली. "आता नाही. हो की नाही? फरक कळला ना?"

माझ्या कानाला दोन्ही सारखेच होते. मी पुढे वाकलो, लाकडाला कान लावला, डोळे मिटले. काही नाही. सुजाताचं हसू हळूहळू गेलं आणि ती कानशीकडे बघू लागली. मला ती दया नको होती. तिने मला मूर्ख म्हटलं असतं तरी चाललं असतं.

आणि तेव्हा मला आठवलं. दुकानात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मेस्त्रींनी दोन पेट्या माझ्यासमोर ठेवून एकेक पट्टी वाजवली होती आणि विचारलं होतं, "खंयची बरी?" मी म्हटलं होतं, "दोन्ही सारख्याच आहेत की, मेस्त्री." त्यांनी पुन्हा वाजवली, पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी विचारलं की विक्रोळीला मशीनवर किती वर्षं होतास. आठ, मी म्हटलं.  त्यानंतरच मला चहाला पाठवायला सुरुवात झाली.

म्हणजे त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मशीनने माझे कान नेले होते, किंवा मुळातच नव्हते. हे मला तोंडावर सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी निघून गेलो असतो, आणि जायला माझ्याकडे दुसरी जागा नव्हती. त्याऐवजी त्यांनी मला भाता दिला, लाकूड दिलं, आणि माझ्या हातून ते काम असं करून घेतलं की आज ठाण्यापर्यंतची भात्याची कामं माझ्याकडे येतात. आणि टॉवेलखाली हात घालून सगळ्या जगापुढे विद्येचे कंजूष ठरले. बाकीच्यांसाठी ते कंजूष होतेच म्हणा. माझ्यासाठी त्यांनी ते सोंग घेतलं होतं.

हे कळल्यावर माझा हेवा गेला असं मी म्हणणार नाही. उलट वाढला. पूर्वी सुजाताला मिळालेली गोष्ट मलाही कधीतरी मिळेल या आशेवर मी जळत होतो. आता कसल्याच आशेशिवाय जळू लागलो. सुजाता सूर लावायला बसली की मी आपणहून चहाला जायचो. मेस्त्री ते बघायचे. आमच्यात त्या पेटीबद्दल पुन्हा शब्द निघाला नाही.

पुढच्या वर्षी त्यांची तब्येत ढासळली. मुलाने त्यांना बोरिवलीला नेलं. दुकान मी आणि सुजाता चालवू लागलो. लाकूड आणि भाता माझा, सूर तिचे. गिऱ्हाईक तिला विचारायचं, "मेस्त्रींची लाट येते ना?" आणि मी मान खाली घालून सरस ढवळायचो.

शेवटचा मी त्यांना भेटलो तो बोरिवलीच्या त्या घरात, अकराव्या मजल्यावर. सून दार उघडून आत गेली. मेस्त्री खिडकीजवळच्या पलंगावर होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, तो त्यांना मोठा होत होता. हात चादरीवर नुसते पडलेले. इतके रिकामे हात मी त्यांचे कधी पाहिले नव्हते. मी बाजूला बसलो. दुकानाचं बोललो, तावडेबुवांचं बोललो. मग न राहवून विचारलं. सगळं माहीत असून विचारलं. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

"मेस्त्री, मला का नाही हो शिकवलंत?"

 ते माझ्याकडे वळून, अगदी सावकाश म्हणाले, "तुका शिकवला असता तर तू माझ्या फुडे गेलो असतस. माका ता सोसवला नसता. मी हेवेखोर माणूस, पक्या."

बोलताना त्यांनी नजर जराही हलवली नाही. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"मला वाटलंच होतं," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग त्यांनीच विचारलं, "बाय बरी लावता मा? लाट येता?"

"येते," मी म्हणालो. "पण तुमच्यासारखी नाही."

त्यांनी माझ्या कानाकडे एकदा बघितलं. मग ओठ मिटून, गालातल्या गालात, पहिल्या रांगेत बसलेल्या माणसासारखे हसले आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. मी उठेपर्यंत तो तिथेच होता.